मास्तरांचा मातीचा पुतळा

कुकटपल्लीच्या माझ्या शेडमध्ये मी लोखंडी पत्रे जोडून अमूर्त शिल्पं करतो, ती स्वतःसाठी. ब्राँझचे पुतळे लोकांसाठी. गेल्या वर्षी काचीगुड्याच्या एका दिवंगत मास्तरांच्या अर्धपुतळ्याचं काम त्यांच्या शाळेसाठी घेतलं. सहा फोटोंवरून मापं काढली. ब्राँझ निवताना आक्रसतं, म्हणून मातीतलं काम शेकडा दोनने मोठं ठेवलं. साच्याआधी घरच्यांनी येऊन होकार द्यायचा, हा माझा नियम.

मास्तरांच्या पत्नी एकट्याच आल्या. दारातलं माझं लोखंडी शिल्प पाहून म्हणाल्या, "भाऊ, इथं लिफ्ट पडली होती का?"

"नाही काकू, ते मी केलंय."

"मुद्दाम?"

मग त्या पुतळ्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. "डावा खांदा उतरता पाहिजे. फोटोत सगळेच ताठ बसतात."

मी तो अकरा मिलिमीटर उतरवला. दुसऱ्या दिवशी भुवईत चूक निघाली. तिसऱ्या दिवशी काहीच चुकलेलं नव्हतं, तरी म्हणाल्या, "उद्या बघते." माती वाळू नये म्हणून ओलं फडकं गुंडाळावं लागतं, ते काम त्यांनी आपणहून घेतलं.

माझी बायको मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली, ती अजून तिकडेच होती. अकराच्या सुमारास मी दोन कप चहा टाकू लागलो. होकार मागायचं मीही टाळत होतो.

आठव्या दिवशी शाळेचा फोन आला, पुतळा कधी देता म्हणून. मग काकूंनी विचारलं, "साचा झाल्यावर ही माती मला द्याल?"

मी खरं ते सांगितलं. साच्यातून माती खरवडून काढावी लागते. पुतळा उरत नाही.

"म्हणजे हे मोडणार, आणि ते शाळेत जाणार."

"हौ, काकू."

त्यांनी फडकं पिळलं. "घरी कधी इतका वेळ बसले नाहीत बघा. सदा शाळा. घ्या साचा. मी उद्या येत नाही."

दुसऱ्या दिवशी मी प्लास्टर चढवलं. ते घट्ट झाल्यावर साचा उघडून माती लाकडी पट्टीने काढली. चार घमेली भरली. अशी माती लगेच पिंपात टाकतात, जुन्या मातीत, पुढच्या कामासाठी. त्या दिवशी मला टाकवेना. संध्याकाळपर्यंत घमेली तशीच राहिली. मग एकेक करून रिकामी केली.