मामांची दोन कार्ब्युरेटरवाली गाडी

माणसाला संताप यावा म्हणून देवाने ज्या ज्या गोष्टी निर्माण केल्या, त्यात आमच्या हिच्या मामांचा नंबर डासांच्याही वर लागतो. भोपाळच्या पिपलानीत सात वर्षं त्यांच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये काढलेला माणूस हे सांगतो आहे. मामा कारखान्यात टर्बाइनच्या चाचणी विभागात फोरमन होते आणि त्यांच्याकडे एक जुनी विलायती मोटार होती. साधी असती तर माझी काही तक्रार नव्हती. पण तिच्या एका इंजिनाला दोन कार्ब्युरेटर! पुढचा पुढच्या दोन सिलिंडरांना हवा मिसळून पेट्रोल पाजणार, मागचा मागच्या दोघांना, आणि दोघांनी अगदी सारखी हवा ओढली तरच गाडी सुरळीत चालणार. जरा कमीजास्त झालं की हुडहुडी भरल्यासारखी थडथडायची. सगळी टाउनशिप सुखाने स्कूटरवर कामाला जात होती. यांनाच ही अवदसा कुठून आठवली कोण जाणे!

बरं, ती हवा मोजायचं यंत्र मिळतं. मी दिल्लीहून मुद्दाम आणून दिलं होतं. मामांनी ते खोक्यासकट शोकेसमध्ये ठेवून दिलं. म्हणाले, "जावईबापू, टर्बाइनचं बेअरिंग कुरकुरतंय हे मी नुसतं ऐकून सांगतो. मला काटे दाखवता?" त्यांची पद्धत एकच. हातभर रबरी नळी, तिचं एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी आणि दुसरं कानात. हवेची फुसफुस दोन्हीकडे सारखी ऐकू आली की जमलं. दर रविवारी कुंपणापलीकडून हाक यायची, "जावईबापू, अ‍ॅक्सिलरेटर!" की मी निघालो गाडीत बसून पेडल एका जागी दाबून धरायला. पाय केसभर हलला की, "पाय आहे का पाळणा?" माझ्या सहीशिवाय कारखान्यात एक बोल्ट विकत येत नव्हता हो! आणि इथे मी पायाची नोकरी करत होतो.

एवढं करून गाडी चालली असती तर सोसलं असतं. पहिली काही वर्षं चाललीही. पण शेवटची दोन वर्षं मामा जितकं जुळवत, तितकी ती बिघडत गेली. दोष कधी पेट्रोलला, कधी प्लगला, कधी भोपाळच्या हवेला आणि बाकी सगळा माझ्या पायाला. इंद्रपुरीचा मिस्त्री एकदा म्हणाला, "बाबूजी, एक कार्बोरेटर निकाल दो, गाडी चैन से जिएगी." मामा त्या दिवशी जेवले नाहीत.

तेवढ्यात त्यांची रिटायरमेंट आली. क्वार्टर सोडून नागपूरच्या घरी जायचं ठरलं आणि मामींनी निकाल दिला. "गाडी स्वतःच्या चाकांवर नागपूरला येत असेल तर आणा. ट्रकवर चढवायची नाही. नाहीतर भंगारवाल्याला मीच बोलावते." मामींनी एकदा म्हटलं की म्हटलं. शेवटच्या रविवारी गाडी चौकापर्यंत गेली आणि परत आली ती ढकलत. ढकलणारा कोण, हे सांगायला नको.

गाडी कशीबशी सुरू झाली, मी पेडलवर बसलो आणि मामा पुन्हा नळी घेऊन वाकले. पुढचा कार्ब्युरेटर त्यांच्या डाव्या हाताला, म्हणून डाव्या कानाने. मागचा उजवीकडे, म्हणून उजव्या कानाने. "पुढचा अजून कमी ओढतोय," म्हणत त्यांनी स्क्रू आणखी फिरवला. माझं डोकं फिरलं. गाडी चालूच ठेवून मी उतरलो, नळी हिसकावली आणि स्वतःच्या कानाला लावली.

"कमी? मामा, पुढचा बोंबलतोय! मागचा बिचारा उपाशी आहे!"

"हट्! तुमचा कान पर्चेस खात्याचा."

"मग दोन्ही एकाच कानाने ऐका ना!" असं ओरडून मी नळी त्यांच्या उजव्या कानात जवळजवळ कोंबली.

मामांनी पुढचा ऐकला, मग मागचा. मग नळी डाव्या कानाला लावली. पुन्हा उजव्या. त्यांचा चेहरा उतरत गेलेला मला दिसला. चाचणीच्या वेळी तीस वर्षं टर्बाइन त्यांच्या डावीकडेच गरजत असायची.

त्यांनी उजव्या कानाने स्क्रू जुळवले. गाडी अशी शांत झाली की मला बंद पडल्यासारखी वाटली. मामांना आनंद झालेला दिसला नाही. ते स्टिअरिंगपाशी जाऊन बसले आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत राहिले.

"ही इथे बसते. डावीकडे," ते म्हणाले. "दोन वर्षं मला वाटतंय, ही गाडीत माझ्याशी बोलत नाही. रुसली असेल म्हणून मीही बोलायचं सोडलं."



निघायच्या दिवशी मामींनी सवयीने पुढचं दार उघडलं. मामा म्हणाले, "मागे बस. माझ्या मागे."

"का? मी काय सामान आहे?"

मामांनी उजव्या कानावर बोट ठेवलं. "आता इकडूनच ऐकू येतं गं."

मामींनी पुढचं दार लावलं. मग मागे बसल्या, पुढे वाकल्या आणि गाडी वळणाला पोचायच्या आत बोलायला लागल्यासुद्धा. मामा मान डोलावत होते. दोन वर्षांचं साठलेलं सांगायचं होतं मामींना. त्यासाठी नागपूर फारच जवळ आहे, असं मला उगीच वाटून गेलं.