अप्पांना पाणी पाहिजे होतं

लकवा मारला तेव्हा अप्पांचा उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. उरलं फक्त "शिवा शिवा". चहा पाहिजे, शिवा शिवा. पाय दुखतोय, शिवा शिवा. उदगीरच्या मोंढ्यात ज्यानं धान्याच्या ढिगाशी उभं राहून जन्मभर भाव पुकारले, त्या माझ्या बापाच्या तोंडात एवढंच राहिलं.

आणि आमच्या लोकांना काय वाटावं? की अप्पा पोचले! संसार सुटला, जिभेवर देव येऊन बसला. झालं, दारात रीघ लागली. मोंढ्यातले व्यापारी, गल्लीतल्या बायका, "शरणार्थ अप्पा" म्हणून पायावर डोकं. कुणी नारळ ठेवला. अप्पा डाव्या हातानं तांब्याकडं दाखवून राहिले, कळवळून शिवा शिवा म्हणून राहिले, आणि हे समोर हात जोडून बसलेले! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अहो, पाणी पाहिजे त्यांना!" तर काका, अप्पांचे धाकटे भाऊ, मलाच दटावतात, "हळू बोल पोरी, जप चाललाय."

जप म्हणे!

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. बोलण्याचं विचारलं तर म्हणाले, "येईल हळूहळू. वय पण झालंय ना." वय झालं म्हणून माणसानं पाणी मागू नये का? बोलणं परत शिकवणारे तज्ज्ञ असतात, हे मला मोबाईलवर वाचून कळलं. सरकारी दवाखान्यात गेले. तिथं तज्ज्ञाची जागा हाय, पण माणूस न्हाई. नांदेडचा पत्ता मिळाला. अप्पांना गाडीत घालून एवढ्या लांब नेलं, तर ते निघालं कानाच्या मशीनचं दुकान. तो गडी सरळ अप्पांच्या कानात मशीन घालायला लागला. "अहो, त्यांना ऐकू येतंय. तुम्हालाच माझं येत न्हाई!" मी तिथंच भांडले.

शेवटी लातूरला एक बाई सापडल्या. पुण्याहून महिन्यातून एकदा यायच्या. त्यांनी मला नाही, अप्पांना विचारलं, "भूक लागलीय का?" आणि थांबल्या. इतक्या दिवसांत अप्पांच्या उत्तरासाठी कुणी थांबलंच नव्हतं. अप्पांचे डोळे भरून आले.

"त्यांना सगळं कळतं," बाई म्हणाल्या. "शब्द आतच आहेत, बाहेर काढता येत नाहीत. लवकर आणायला हवं होतं."

अहो, पण सांगितलं कुणी आम्हाला?

बाईंनी दाखवलं तसं आम्ही घरी आरशासमोर बसायचो. ओठ कसे, जीभ कुठं. अप्पा घामाघूम व्हायचे, चिडायचे, तांब्या लोटून द्यायचे, परत बसायचे. एक दिवस मी भाकरीचा आग्रह करत होते, तर म्हणाले, "न्हाई." मला हसावं का रडावं कळेना. मी दोन्ही केलं.

पुढच्या महिन्यात गेलो तर दार बंद. बाईंनी येणं थांबवलं होतं, पेशंट कमी पडतात म्हणून. कमी कसे पडतील? गावोगाव घरात बसून हायेत की! कुणाला येडं ठरवलंय, कुणाला देव.

हे ऐकून काका आले, अप्पांच्या पायाशी बसले. म्हणाले, "बरं झालं, उगं जिवाला त्रास. आता निवांत शिवाचं नाव घ्या अप्पा. तेवढं पुरे."

अप्पांचा जबडा हलला. "न्हाई."

काका गडबडले. घाईघाईनं तांब्या उचलून त्यांच्यापुढं धरला.

अप्पांनी तो हातानं बाजूला सारला आणि मोंढ्यात भाव पुकारायचे तसे ओरडले, "न्हाई!"