अष्टमीची परीक्षा

रत्नागिरी जिल्ह्यात घड्याळाला अजिबात न जुमानणारा एकच मनुष्य मला भेटला, आणि नेमके त्यालाच मी खोटे सांगितले. ही गोष्ट मी सात-आठ वर्षे कुणाजवळ, अगदी घरातही, उघड केली नव्हती. तो मनुष्य विद्यापीठात अभियांत्रिकी शिकवणारा प्राध्यापक, आणि मी लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातला इंजिनीयर. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी, डिझेलच्या भावाने सगळेच धास्तावलेले असताना, आमच्या कंपनीने आणि विद्यापीठाने मिळून खाडीच्या भरती-ओहोटीवर वीज निर्माण करण्याचा प्रयोग हाती घेतला. लोखंड कंपनीचे, बुद्धी विद्यापीठाची, आणि दोहोंमधला निरोप्या म्हणून माझी नेमणूक झाली.

सरांचा दिवस सूर्याबरोबर उगवत नसे, भरतीबरोबर उगवे. "गुरुवारी अकराला भेटू या का?" असे विचारले की ते माझ्याकडे करुणेने पाहत. "गुरुवार कसला घेऊन बसलात, इंजिनीयर? एकादशीला पाणी उतरायला लागलं की या." विद्यार्थी वर्गात ताटकळत आणि सर खाडीकाठी, खाजणाच्या बांधावर गुडघाभर चिखलात, हे नित्याचेच. विभागप्रमुखांनी जाब विचारला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "तास उद्या घेता येतो हो, ही भरती उद्या कुठून आणू?" पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली असे, ती विद्यापीठाच्या बैठकीतही तशीच. वाहते पाणी दिसले की त्याखाली हात धरल्याशिवाय त्यांना राहवत नसे. आमच्या घरी प्रथम आले ते चहाला न बसता थेट मोरीत शिरले, नळाखाली तळवा धरला आणि माझ्या पत्नीला अत्यंत दुःखाने म्हणाले, "वहिनी, तुमच्या मोरीतून रोज एक दिवा वाहून जातोय!" ती बिचारी पुढे कित्येक दिवस नळ अर्धाच सोडत होती.

आमच्या कारखान्यात तयार झालेले, पाण्याने फिरणाऱ्या चाकाचे पहिले पाते न्यायला कंपनी जीप देणार होती. पण जीप येईपर्यंत पाणी उतरून जाईल म्हणून सर ते मांडीवर घेऊन एसटीत बसले. कंडक्टरने विचारले, "मास्तर, ह्यां काय? बाशिंग काय कुणाचा?" सर म्हणाले, "पातं आहे. यानं वीज होणार." "मग आधी आमच्या गाडीचो दिवो लावून दाखवा, पुढं घाट हाय!" सारी गाडी हसली, आणि सगळ्यांत मोठ्याने सर हसले. मग त्यांनी त्याला चाकाचे तत्त्व इतके तल्लीन होऊन समजावले की दोन थांब्यांवर तो घंटी मारायला विसरला.

खाजणाच्या बांधाला खाडीचे पाणी आत-बाहेर सोडणारे एक लाकडी दार असते. भरतीचे पाणी आत अडवायचे, ओहोटी लागली की दार उचलायचे आणि त्या धारेत चाक धरायचे, अशी सरांची योजना होती. पौर्णिमेच्या उधाणाला चाक पहिल्यांदा फिरले आणि बांधावरच्या खांबाला दिवा लागला, तेव्हा सरांनी चिखलाच्या हाताने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्यानंतर मी मोठ्या बंगल्यांत, झगझगीत दिव्यांखाली पुष्कळ संध्याकाळी घालवल्या. पण त्या बांधावर, सरांच्या डब्यातले गार झालेले पोहे खात बसावे, अशी ओढ आजही मधूनच लागते आणि हातातले काम राहून जाते.

मग मुंबईहून आमचे मोठे साहेब प्रयोग पाहायला येणार असे ठरले. सरांनी मला बजावून सांगितले, "पौर्णिमेलाच आणा त्यांना. अष्टमीला भांगाचं पाणी, भरती जेमतेम चढते. चाक हलायचं नाही." साहेबांना सोयीचा होता तो शनिवार नेमका अष्टमीचा. साहेबांपुढे उभे राहून 'तिथी पाहून या' असे म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही. आणि सरांना मी सांगितले, "साहेबांनी मुद्दाम अष्टमी मागितली आहे. कमी पाण्यात चाक चालते का, ते त्यांना पाहायचे आहे." मला वाटले होते, सर चिडतील. ते आनंदाने उभेच राहिले. "वा! साहेब कळणारा दिसतोय! परीक्षा घ्यावी तर अशी!"

त्या शनिवारी चाक अर्धा फेरा फिरले आणि थांबले. साहेबांनी घड्याळ पाहिले. सर हात जोडून म्हणाले, "साहेब, आपण परीक्षा योग्य घेतलीत. मीच नापास झालो." साहेबांना अर्थबोध झाला नाही, त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि मी पाण्याकडे पाहत राहिलो. महिन्याभरात कंपनीने सहकार्य थांबवले.

गेल्या महिन्यात सरांच्या गावी गेलो. ते आता निवृत्त आहेत, कानांनी पार अधू झाले आहेत. पडवीत पाण्याने भरलेली सिमेंटची टाकी होती, तिच्यात एक चिमुकले चाक. मला पाहताच म्हणाले, "साहेबांना सांगा, अजून नापासच आहे, पण भांगाच्या पाण्यावर चालणारं चाक आता फार लांब नाही!" जे सांगायचे ते मी हळूच सांगितले. "काय?" त्यांनी कानामागे हात धरला. "मोठ्यानं बोला हो, भांडल्यासारखं!"

जन्मात मी आवाज चढवला नव्हता. सरांच्या पत्नी चहा घेऊन दारात उभ्या होत्या, शेजारच्या अंगणातली माणसे वळून पाहत होती. मी उभा राहिलो आणि ओरडून म्हणालो, "सर, साहेबांनी परीक्षा घेतलीच नव्हती! त्यांना तिथी ठाऊकच नव्हती! मी घाबरलो आणि तुम्हाला खोटं सांगितलं. तुमचं चाक बरोबर होतं, सर. चुकलो मी. मला क्षमा करा!"