डोंबिवलीतले ठाणेकर

माणसं चार आणि शनिवार सात-आठ वर्षांचे, म्हटल्यावर किस्से साठणारच. मुद्दाम कोणी साठवत नाही. घरात रिकाम्या बरण्या साठतात तसे ते साठतात. टाकवत नाहीत, आणि पाहुणा आला की नेमके तेच पुढ्यात येतात.

आधी एक खुलासा. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत आमच्या डोंबिवलीत 'ठाणेकर' या शब्दाला वेगळाच अर्थ होता. ठाण्यात राहणारा तो नव्हे. ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात राहून आलेला, तो ठाणेकर!

मी आठ महिने राहून आलेलो. त्याआधी कल्याणच्या एका शाळेत गणित शिकवायचो. एक दिवस फळ्यावर भागाकार मांडला आणि पुढं काय करायचं तेच सुचेना. खडू धरून तासभर तसाच उभा. शेवटी वर्गातली पोरं घाबरून हेडमास्तरांना घेऊन आली. बाकीचं सांगण्यासारखं नाही. बरा होऊन आलो, शाळेनं परत घेतलंही. पण शेजारच्या काकू पोरांवर ओरडायच्या, "मास्तरांच्या अंगणात जाऊ नका रे!" दूधवाला माप घालताना माझ्याकडे बघायचा नाही.

माझी बायको सुमती म्हणाली, "शनिवारी तरी मारुतीला जाऊन या. तो काही विचारणार नाही."

* * *

देऊळ गावाबाहेर, भातशेतीच्या कडेला. गुरव अण्णा. मी दर्शन घेऊन पारावर टेकलो. समोर एक काळासावळा, तगडा माणूस आपलं उपरणं घडी करत होता. आधी तीन पट्ट्या, मग दोन्ही टोकं आत, मग वरून हाताची थाप.

मी बघतच राहिलो. इस्पितळात रोज सकाळी चादरीची घडी अशीच घालावी लागायची. तशी घडी बाहेर कोणी घालत नाही!

जवळ जाऊन हळूच विचारलं, "कितवा वॉर्ड?"

त्यानं आधी इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाला, "सात. तुमचा?"

"चार."

त्याचा चेहरा एकदम खुलला. "चारला जेवान आधी मिलायचं! आमी तुमच्यावर लय जलायचो."

हा लक्ष्मण पाटील. खाडीकाठचा आगरी, मिठागरावर कामाला. त्याला आवाज ऐकू यायचे. कोणी नसताना कोणीतरी बोलायचं. तेव्हापासून दर शनिवारी आम्ही दोघं पारावर बसायला लागलो. थोडं भजन, थोडं नामस्मरण, बाकी गप्पा. हळूहळू आणखी एक-दोघं यायला-जायला लागले. अण्णा काही बोलायचे नाहीत, फक्त एक सतरंजी जास्त टाकायचे.

* * *

गावात कुजबुज झालीच. एका शनिवारी दोन प्रतिष्ठित गृहस्थ देवळात आले आणि आमच्या देखत अण्णांना म्हणाले, "अण्णा, देवाच्या दारात वेडे जमवता हे बरं नव्हे. बायकापोरं येतात इथं."

अण्णा समईत तेल घालत होते. ते घालून झालं, हात पुसले, आणि गाभाऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा लहानपणी फळ समजून सूर्य गिळायला निघाला होता. त्याला कोणी ठाण्याला पाठवलं का?"

गृहस्थ तीर्थ घेऊन गेले!

लक्ष्मण आठवडाभर हे वाक्य मिठागरावर सगळ्यांना सांगत होता. पण अण्णा स्वतः आजारी नसताना आमच्यासाठी एवढं का करतात, हे मी एकदा विचारलंच.

"धाकटा भाऊ होता माझा," ते म्हणाले. "असाच. आम्ही त्याला मागच्या खोलीत कोंडून ठेवला. तिथंच गेला तो."



* * *

यमुनाबाईंना त्यांच्या भावानं आणलं. नवरा वारल्यापासून बाई बोलायच्याच बंद झालेल्या. इस्पितळातून आल्या, खायला-प्यायला लागल्या, पण तोंडातून शब्द नाही. भाऊ म्हणाला, "इथं बसू दे त्यांना. घरी सगळे बोल-बोल करून त्यांचा जीव खातात."

आम्ही काही खाल्ला नाही. त्या खांबाला टेकून वाती वळायच्या. आम्ही आमचं भजन करायचो.

आता लक्ष्मणाचं भजन! आवाज असा की पलीकडच्या शेतातले बगळे उडायचे. आणि शब्दांचा नुसता गोंधळ. दर शनिवारी दुसरं कडवं पहिल्याच्या आधी, आणि तिसऱ्या कडव्याचं शेपूट पहिल्याला. आमच्या कानांना त्याची सवय झालेली.

असे पाच महिने गेले. एका शनिवारी लक्ष्मण नेहमीसारखा सुटलेला असताना खांबाकडून आवाज आला.

"चुकतंय ते."

आमचे टाळ थांबले. बाई वातींकडेच बघत होत्या. "दर वेळी चुकतं. 'जीव' आधी, मग 'शिव'. ऐकवत नाही."

एवढं बोलून त्यांनी ते कडवं स्वतः म्हणून दाखवलं. घोगरा आवाज, मधेच फुटणारा. अण्णांनी तोंड फिरवलं. मी उगाच चष्मा पुसत बसलो.

घरी जाताना मी लक्ष्मणाच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! पाच महिने मुद्दाम चुकलास ना?"

तो थांबला. दुखावल्यासारखा झाला.

"मुद्दाम कनाला? मना तं तेवरंच येतं!"

* * *

खडवलीला नदीकाठी एक बुवा उतरले होते. लक्ष्मणाच्या चुलत्यानं हट्ट धरला, त्याला दाखवायचंच. अण्णा आणि मी सोबत गेलो, कारण आम्हाला धास्ती होती. असे बुवा आधी औषध बंद करायला सांगतात.

झालंही तसंच. आवाज ऐकू येतात म्हटल्यावर बुवा हर्षानं म्हणाले, "अरे, हा तर दैवी नाद! लोक जन्मभर तप करतात, त्यांना मिळत नाही. डॉक्टर-बिक्टर सोड. जे कानावर येतं ते ऐकत राहा."

चुलत्यानं तिथंच दंडवत घातला. मी काही बोलणार, इतक्यात लक्ष्मणानं हात जोडून विचारलं, "महाराज, देव आईवरनं शिव्या देतो का?"

बुवांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले. मग म्हणाले, "तू डॉक्टरांचंच ऐक."

बुवांबद्दल माझं मत तेव्हापासून चांगलं आहे.

परतताना मी लक्ष्मणाला विचारलं, "मग तू रोज नाम घेतोस ते कशाला? त्यानं आवाज थांबतात का?"

"नय थांबत," तो म्हणाला. "पन मी पन बोलत असतंव ना! मग त्यांचं सगलं ऐकू येत नय."

* * *

लक्ष्मणाच्या गावात एक भगत होता. लक्ष्मण पहिल्यांदा आजारी पडला तेव्हा याच भगतानं भूत काढायचं म्हणून त्याला निंबाच्या फोकानं झोडपलेलं. पाठीवरचे वण लक्ष्मण आम्हाला दाखवायचा.

एका शनिवारी तोच भगत पारापाशी येऊन उभा राहिला. हात थरथरतायत, डोळे खोल गेलेले. म्हणाला, झोप नाही, सारखी भीती वाटते, छातीत धडधडतं. दुसऱ्या भगताकडे जायची लाज वाटते.

आम्ही लक्ष्मणाकडे बघत होतो. अण्णा तर मधे पडायच्या तयारीनं उठलेच.

लक्ष्मणानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग सतरंजीवर सरकला, शेजारी जागा केली आणि आपले टाळ त्याच्या हातात दिले.

"धर. वाजव. हात कामात असले का कमी कापतान."

भगत वाजवायला लागला. चार-पाच ठोके गेल्यावर लक्ष्मण त्याच्या कानाशी वाकला.

"पन सोमवारी डाक्टरकरं जायचं. मी येन संगं. तो मारत नय."

* * *

चौथ्या वर्षी मी पुन्हा घसरलो. शाळेत रजा टाकली, भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. दोन शनिवार चुकले. त्यानंतरच्या सोमवारी संध्याकाळी लक्ष्मण आणि अण्णा घरी हजर.

मला वाटलं, आता उपदेश सुरू होणार. धीर धरा, देवावर भार टाका, वगैरे. एक शब्द नाही! दोघं माझ्या खाटेशी चटईवर बसले, चहा प्यायले, भरती-ओहोटीबद्दल बोलले, कोणाच्या तरी शेळीबद्दल बोलले. थोडं नाम घेतलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. मी भिंतीकडे तोंड करून सगळं ऐकायचो. शेळी व्याली तेही मला असंच कळलं.

अकराव्या दिवशी सुमती दारात येऊन मोठ्यानं म्हणाली, "चहाची पूड संपली, साखर संपली. आता तुम्ही उठून आणता, का मी यांना कोरं पाणी देऊ?"

पाहुण्यांना पाणी कसं द्यायचं? मी उठलो. सदरा घातला. कोपऱ्यावरच्या दुकानातून पूड आणली.

अण्णांनी पुडी हातात घेतली, उघडून वास घेतला.

"मास्तर," ते म्हणाले, "साखर विसरलात."

परत गेलो!

दुसऱ्या दिवशी लक्ष्मण मिठागरावर खाडा करून मला ठाण्याला डॉक्टरांकडे घेऊन गेला.

* * *

आता शेवटचा. यात माझं काम फक्त टांगा ठरवायचं.

एका दसऱ्याला आम्ही डॉक्टरांची परवानगी घेऊन इस्पितळात सोनं वाटायला गेलो. आम्हाला आमच्या वॉर्डात सोडलं, यमुनाबाईंना बायकांच्या वॉर्डात. तिथं राधाबाई म्हणून साठीच्या एक बाई होत्या. गाठोडं बांधून दाराशी बसलेल्या. यमुनाबाईंनी आपट्याचं पान पुढं केलं, तर त्यांनी पानासकट हातच धरला.

"आलीस? किती गं उशीर केलास!"

यमुनाबाईंनी हात सोडवून घेतला नाही. निघायची वेळ होईपर्यंत तशाच बसल्या.

डॉक्टर म्हणाले, "तीन वर्षांपूर्वीच बऱ्या झाल्यात या. न्यायला कोणी येत नाही. घरच्यांना पत्रं टाकली, ती परत आली."

"नात्याचंच माणूस लागतं का?" यमुनाबाईंनी विचारलं.

"तसं नाही. जबाबदारी घेणारं माणूस लागतं."

तोवर यमुनाबाई भावाकडून वेगळ्या झाल्या होत्या. देवळामागे एक खोली, पापड-कुरडयांचं काम. स्वतःपुरतं भागायचं, एवढंच. दोघींचं कसं भागेल, म्हणून आम्ही सगळ्यांनी समजावलं. लक्ष्मणानंसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात परत ठाण्याला गेल्या. त्याच्या पुढच्याही. कागदपत्रं व्हायला दोन महिने गेले.

न्यायच्या दिवशी मी सोबत होतो. डॉक्टरांनी यमुनाबाईंना बाजूला घेतलं. "एक आधीच सांगतो. तुम्ही त्यांची मुलगी आहात असं त्यांच्या मनानं घेतलंय. बाकी सगळं ठीक आहे, तेवढं मात्र जात नाही. पुढं त्रास होईल तुम्हाला."

"सही कुठं करायची?" यमुनाबाई म्हणाल्या.

राधाबाईंनी वॉर्डातल्या एकेकीचा निरोप घेतला. "येते हं. लेक आली न्यायला." फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही सांगितलं. त्यानं बिचाऱ्यानं नमस्कार केला.

मी टांगेवाल्याशेजारी पुढं बसलो, त्या दोघी मागं. टांगा स्टेशनच्या रस्त्याला लागला. इस्पितळाची भिंत संपली.

मग राधाबाई अगदी हळू म्हणाल्या, "बाई, मला मुलगी नाही हो. कधी नव्हतीच."

यमुनाबाईंनी त्यांचं गाठोडं उचलून आपल्या मांडीवर घेतलं.

"ठाऊक आहे. पाय आत घे आई, चाक लागेल."