हिरव्या भागामागचा शेरा

मामीचा फोन आला तेव्हा मी अंबडला कंपनीत होते. कामाच्या वेळी मामी मला कधी फोन करत नाही. "तुझे मामा उठंनात गं," एवढंच ती म्हणाली आणि मग नुसता कुकरच्या शिटीचा आवाज येत राहिला... अंबडहून सिडकोतलं त्यांचं घर दहा मिनिटांवर. मी पोहोचले तोवर शेजारचे डॉक्टर येऊन गेले होते. मामा नेहमीसारखा डाव्या कुशीवर होता, चष्मा उशीजवळ काड्या मिटून ठेवलेला. पलंगासमोरच्या भिंतीवर आम्ही दोघांनी तीन आठवड्यांपूर्वी कागदावर काढलेलं वर्तुळ लावलेलं होतं. खरं सांगायचं तर मला रडू आलं ते त्या वर्तुळाकडे बघून. इतकं नीट, काठोकाठ भरलेलं... जाणाऱ्याने मागचं सगळं आवरून ठेवावं तसं. आता त्या रडण्याची लाज वाटते.

मामा पाटबंधारे खात्यात अनुरेखक होता. म्हणजे मोठ्या साहेबांनी आखलेले कालव्यांचे नकाशे पारदर्शक कागदावर हुबेहूब उतरवून काढायचे, ते काम. निवृत्त झाल्यावर त्याच्या हाताला उतरवायला काही उरलं नाही, तेव्हा त्याने स्वतःची पुंजी कागदावर रेखाटायला घेतली. दर तीन महिन्यांनी, पहिल्या रविवारी, जेवणाच्या टेबलावर ड्रॉइंग पेपर पसरायचा, कर्कटक दहा सेंटिमीटरवर उघडायचं आणि एक वर्तुळ. त्यात कोनमापकाने भाग पाडायचे आणि रंगीत पेन्सिलने भरायचे. सोनं पिवळं, पोस्टातलं तांबडं, कारण पोस्टाची पेटी तांबडी. बँकेतल्या ठेवी निळ्या. आणि म्युच्युअल फंड हिरवे, कारण ते वाढतात. शेजारपाजारचे लोक वर्तुळ बघायला यायचे आणि मामा त्यांना कालव्याच्या भाषेत समजवायचा, की सगळं पाणी एकाच चारीला सोडलं तर एक वावर कुजतं आणि बाकीची वाळतात. बाजार पडला तरी घाबरून विकायचं नाही, हेही तो सगळ्यांना बजावायचा. मामी सातवीपर्यंत शिकलेली, निफाडकडची. टक्केवारीत तिला रस नव्हता, पण रंग तिला कळायचे. हिरवा भाग तिचा, असं मामाने कधीतरी जाहीर केलं होतं. आपण गेल्यावर हिला कुणापुढे हात पसरावा लागू नये, यासाठी तो. त्यामुळे नवं वर्तुळ लागलं की पदराला हात पुसत ती बाहेर यायची, हिरव्याकडे बघायची आणि परत आत जायची.

लॉकडाऊन संपता संपता मामाचा हात थरथरायला लागला आणि वर्तुळाचं काम माझ्याकडे आलं. मी लाजाळू, चार माणसांत तोंड न उघडणारी, त्यात इंग्रजी शाळेतली. मामा मला 'मॅडम' म्हणायचा. तो त्याच्या लाल वहीतून टक्क्यांचे आकडे सांगायचा, मी तीन पूर्णांक सहा दशांशाने गुणून अंश काढायचे. पहिल्याच रविवारी तो 'एकोणचाळीस' म्हणाला आणि मी एकोणपन्नास धरले. बेरीज शंभराच्या वर गेली तेव्हा तो इतका हसला की मामी लाटणं घेऊनच बाहेर आली. "मॅडमना एकोण कळत नाही, मग ह्यांना नोकरी दिली कुणी?" तो म्हणाला. मला राग यायचा नाही. घरातल्या बाकीच्यांसमोर माझं मराठी अडखळलं की मी गप्प व्हायचे. मामासमोर अडखळले तरी चालायचं. अडलेला शब्द मी त्याला विचारायचे आणि तो सांगेल तो अर्थ खरा मानायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो अभिमानाने सांगायचा, "आमची भाची काढते. तिच्या हाताला खोटं येत नाही."

वर्तुळ झालं की कागद उलटा करायचा. मागे मामाने आखलेला छोटा तक्ता असायचा, रंगाचं नाव आणि पुढे शेरा. हा तक्ता मात्र तो स्वतः भरायचा, थरथरत्या हाताने, पेन्सिलने. ठेवींपुढे 'नूतनीकरण केले', सोन्यापुढे 'जैसे थे', असले सगळे कचेरीतले शब्द. सुरुवातीच्या दोन-तीन कागदांवर हिरव्यापुढे 'घट' लिहिलेलं होतं, ते मला कळलं. लॉकडाऊनमध्ये बाजार पडला होता हे सगळ्यांनाच माहीत होतं. मग एका रविवारी त्याने तिथे 'निरंक' लिहिलं. मी विचारलं, निरंक म्हणजे काय. त्याने कागदावरची पेन्सिलीची भुकटी फुंकरून उडवली. मग म्हणाला, "म्हणजे स्वच्छ. कसलाही डाग नाही."

मला तो शब्द फार आवडला. निरंजन, निर्मळ, त्यांच्याच घरातला वाटला. मामा-मामीच्या लग्नाच्या वाढदिवसाला मी हाताने कार्ड केलं आणि त्यात लिहिलं, 'तुमचं प्रेम असंच निरंक राहो.' मामाने ते वाचलं आणि हसायला लागला. हसता हसता डोळे पुसले, मग उठून गॅलरीत गेला. मामीने त्याला काय लिहिलंय ते विचारलं. तिकडूनच, पाठमोरा, तो म्हणाला, "स्वच्छ राहो, म्हणतीये." मामीने ते कार्ड कपाटाच्या आरशाच्या फटीत खोचलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मामीचे दोघे भाऊ निफाडहून आले, द्राक्षांच्या दोन पेट्या घेऊन. वडिलांच्या पश्चात बागेच्या उताऱ्यावर तिचंही नाव लागलं होतं, आणि त्यांना तिची हक्कसोडपत्रावर सही हवी होती. बहिणीने सही करायची आणि साडी घेऊन जायची, हे आमच्याकडे इतकं ठरलेलं आहे की विचारायलाही कुणी संकोचत नाही. तरी मामीने लगेच होकार दिला नाही. भाऊ गेल्यावर ती भिंतीसमोर येऊन उभी राहिली. त्या दिवशी वर्तुळाचा रविवार होता, मी टेबलावरचं आवरत होते आणि मामा माझ्या शेजारी पेन्सिलीला टोक करत होता.

"हिरवा किती हाय गं आपला?" मामीने विचारलं. तिने मला विचारलं, मामाला नाही.

"जवळजवळ अर्धा, मामी."

"मंग कशाला भावांच्या तोंडातलं काढू?"

पेन्सिलीची सालं टेबलावर पडत राहिली, टोक होऊन गेलं तरी मामा टोक करतच राहिला... पुढच्या आठवड्यात तो स्वतः मामीला निफाडच्या निबंधक कार्यालयात घेऊन गेला. साक्षीदार म्हणून त्याने सही केली. हात थरथरत होता म्हणून अक्षर वेडंवाकडं आलं, असं मामी कौतुकाने सांगत होती.

मामा गेल्यानंतर तीन आठवड्यांनी मी मामीला घेऊन कुटुंब पेन्शनच्या अर्जासाठी गेले. मामी बाकावर बसली होती, मी खिडकीपाशी. आतल्या बाई बोट ठेवून सांगत होत्या, इथे नाव, इथे सही, इतर उत्पन्न नसेल तर रकान्यात निरंक लिहा. मला तो शब्द मामाखेरीज दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकून बरं वाटलं. पण तो तिथे का लिहायचा ते कळेना. मी विचारलं, "निरंक म्हणजे स्वच्छ ना?"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "ताई, निरंक म्हणजे काही नाही. शून्य. सरकारी रकाना रिकामा सोडत नाहीत, म्हणून लिहायचं."

घरी येऊन मी लोखंडी कपाटातले सगळे जुने कागद काढले आणि एकेक उलटा केला. सतरा कागदांवर हिरव्यापुढे निरंक होतं. त्याच सतरा कागदांच्या पुढच्या बाजूला मी हिरवा रंग भरला होता, रेघेबाहेर कुठे न जाता. दुसऱ्या दिवशी फंडाच्या कार्यालयात गेले, तिथल्या मुलीने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. विकू नका म्हणून गल्लीभर सांगणाऱ्या माझ्या मामाने ऐन घसरणीत, मला वर्तुळासाठी बोलावण्याआधीच, विकायला सुरुवात केली होती आणि वर्षभरात खातं रिकामं केलं होतं. पैसे कुठे गेले ते त्याच्या मोबाइलमध्ये सापडलं. बुडालेलं झटपट भरून काढायला त्याने सगळं शेअर बाजारातल्या ऑप्शनच्या सौद्यांत, जवळजवळ जुगारातच, घातलं होतं. सगळं पाणी, एकाच चारीला.

बुडालं याचा मला राग नाही. मोठमोठ्यांचं बुडतं. मला छळतं ते वेगळंच आहे. शून्याला वर्तुळात जागा नसते. हिरवा गेला असता तर पिवळा, तांबडा, निळा यांनी पसरून वर्तुळ पुन्हा भरून टाकलं असतं; पुंजी अर्धी झाली तरी दहा सेंटिमीटरचं वर्तुळ दहाच सेंटिमीटरचं राहतं. म्हणजे पुंजी आटली हे त्याला सहज लपवता आलं असतं. लपवता येणार नव्हता तो फक्त हिरवा रंग, कारण मामी तोच बघायची. म्हणून तो भरायला त्याला माझा हात हवा होता. माझ्या मावशीचा मुलगा मराठी शाळेतला, तो शेजारच्याच गल्लीत राहतो, त्याचं अक्षरही माझ्याहून चांगलं आहे. त्याला मामाने कधी बोलावलं नाही. त्याने निरंक वाचलं असतं. मामाने मला निवडलं ते माझ्या हाताला खोटं येत नाही म्हणून नव्हे, मला खोटं वाचता येत नव्हतं म्हणून. जी अडखळ फक्त त्याच्यासमोर मी उघडी ठेवली होती, तीच त्याने वापरली.

मग त्याने मागे खरं लिहिलं तरी कशाला, हे मी खूपदा स्वतःला विचारलं. तीसेक वर्षं शेऱ्याच्या रकान्यात खोटं लिहायचं नाही ही त्याची सवय होती, एवढंच उत्तर मला सापडलं. बायकोशी आणि भाचीशी खोटं बोलता आलं त्याला. रकान्याशी नाही आलं. आपण कबूल केलंय, असंही त्याला वाटत असेल कदाचित... पण जिला तो शब्द वाचता येत नाही तिच्यासमोर केलेली कबुली ही कसली कबुली?

गेल्या रविवारी तीन महिने भरले. मी गेले तेव्हा मामीने टेबल पुसून कागद पसरून ठेवला होता, वर कंपासपेटी. ह्यांच्या माघारी नेम मोडायला नको, म्हणाली. मी वर्तुळ काढलं. पिवळा भरला, तांबडा, निळा. उरलेला भाग, जुन्याच मापाचा, पांढरा सोडला. नियमाने ते चूक होतं.

"हिरवी पेन्सिल संपली का गं?"

संपतच आली होती. बाकीच्या तीन अजून लांब आहेत, ती बोटाच्या पेराएवढी उरली आहे. ती मीच झिजवली.

"नाही मामी. निरंक आहे."

"म्हंजे स्वच्छच ना?"

मी तिला सांगितलं. पहिल्यापासून सगळं, मधे न थांबता. इतकं सलग मराठी मी आयुष्यात बोलले नसेन. शेवटी ती म्हणाली, "तुला कधीपासून ठाऊक?"

"पेन्शनच्या कचेरीत गेलो त्या दिवसापासून."

"म्हंजे दीड महिना तू पण..." ती म्हणाली. कसं सांगावं ते सुचत नव्हतं, हे मामानेही म्हटलं असतं.

ती उठली आणि कपाटाच्या आरशासमोर गेली. फटीतलं कार्ड काढून तिने ते हात लांब धरून, एकेक अक्षर लावत वाचलं. फाडेल असं मला वाटलं. मी म्हणाले, "दे मामी, टाकून देते."

"राहू दे," ती म्हणाली आणि कार्ड परत होतं तिथेच खोचलं. "घरात तेवढंच एक खरं लिहिलं व्हतं."