ताईच्या वहीतली जुळी शहरं

आमच्या कंपनीत सगळे तिला ताई म्हणतात. हमाल, ड्रायव्हर, गोदामाचा म्हातारा, अगदी तिच्याहून दहा वर्षांनी मोठा कारकूनसुद्धा. खरा भाऊ मी एकटा, बाकीचे सगळे फुकटचे! सुरुवातीला माझं डोकं फिरायचं. आता सवय झाली.

आमचं काम घरं हलवायचं. नदीच्या अलीकडचं बिऱ्हाड उचलायचं नि पलीकडे नेऊन लावायचं, किंवा उलट. मी ट्रक चालवतो. ताई पहिल्या मजल्यावर खिडकीशी टेबल टाकून बसते आणि गाडी कोणती, माणसं किती, दोर किती लांब, हे ठरवते. ठरवते ते एका जाडजूड वहीवरून. डाव्या पानावर आपल्याकडचं शहर, उजव्या पानावर त्याचं पलीकडचं जुळं. इथलं बंदर तर तिथलं बंदर, असली शाळकरी जोडी नव्हे हं! ताईच्या वहीत इथल्या बंदराचं जुळं म्हणजे तिथलं डोंगरावरचं कोर्टाचं शहर. का? तर दोन्हीकडे जिने गोल, वळणावर अरुंद, आणि कपाट खिडकीतूनच वर घ्यावं लागतं.

मी फेरीवरून आलो की पाणी द्यायच्या आधी तिचा प्रश्न. "जिना कोणत्या हाताला वळतो रे?"

"अगं, समुद्र काय सुंदर दिसत होता!"

"समुद्र काय मला ट्रकात भरायचाय? जिना सांग."

आणि गंमत अशी, की या बाईने तेवीस वर्षांत नदी एकदाही ओलांडली नव्हती. आधी आईचं आजारपण, मग हे टेबल. पलीकडची सगळी शहरं तिने आमच्या तोंडून आणि गिऱ्हाइकांच्या फोनवरून बघितलेली.

गेल्या वर्षी नवे साहेब आले. मालकांचे जावई, पलीकडेच वाढलेले. हुशार माणूस, वाईट नाही. पण कॉम्प्युटर उघडला की समोर माणूस बसलाय हे विसरायचा. त्यांनी स्वतःच्या जोड्या लावल्या, लोकसंख्येवरून आणि हमरस्त्याच्या रुंदीवरून. ताईला ते मॅडम म्हणायचे. इतक्या वर्षांत तिला कुणी मॅडम म्हटलं नव्हतं, आणि त्यातला मान काही मला दिसत नव्हता.

मग ती दातांच्या डॉक्टरीणबाईंची ऑर्डर आली. पलीकडच्या एका शहरात दवाखाना उघडणार होत्या, सामान पोहोचलं की दुसऱ्याच दिवशी सकाळी पहिला पेशंट. सामानात ती दात काढायची खुर्ची. एकसंध, खाली मोटर, सहा माणसांना घाम फोडेल असं धूड. कॉम्प्युटर म्हणाला, हे शहर आपल्या कापडबाजाराच्या शहरासारखं, मोठा ट्रक पाठवा.

ताईने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "बाई, तुमच्या गच्च्यांवर बांबूचे उंच मांडव आहेत का हो? आणि गटाराच्या दगडांवर निळे डाग?" त्या म्हणाल्या, आहेत की! तुम्हाला कसं कळलं?

ताई सरळ साहेबांपुढे जाऊन उभी राहिली. "हे रंगाऱ्यांचं शहर आहे, साहेब. मांडव रंगवलेलं कापड वाळवायला. आमच्या जन्मगावाचं जुळं. पुढे दगडी कमान असणार, आत पायऱ्या. लहान गाडी द्या."

साहेबांच्या कपाळावर आठ्या. "मॅडम, आता एकदाच काय ते होऊन जाऊ दे. मोठाच ट्रक जाईल. तो दारापर्यंत पोहोचला, की तुमचं टेबल गोदामात. नाही पोहोचला, तर माझा कॉम्प्युटर बंद. मी येतो, तुम्हीही चला."

मी मागून तिला नको नको म्हणून खुणावत होतो. ती मात्र घरी जाऊन साडी बदलून आली.

पुलावर तिने एकदाच मान वळवून पाणी बघितलं आणि म्हणाली, "रुंद आहे गं बाई!" बस्स, एवढंच. आम्ही तिघं केबिनमध्ये, हमाल मागे सामानाबरोबर. दुपारी तीनला शहरात शिरलो आणि समोर बघतो तर काय, कमान! दगडी, बुटकी, आणि पलीकडे पायऱ्या. ट्रक काय, रिक्षा गेली नसती. दवाखाना आत, चांगला अर्धा मैल. डॉक्टरीणबाई कमानीखाली उभ्या, चेहरा रडवेला.

मला तर नाचावंसं वाटत होतं. साहेब खाली उतरून कमानीची उंची नुसत्या डोळ्यांनी मोजत होते. मी ताईच्या कानाशी लागलो, "जिंकलीस! आता गप्प बस. गाडी फिरवतो."

"आणि या बाईंचं काय?"

"त्यांचं साहेब बघतील ना! ट्रक पोहोचला तर तुझं टेबल जाईल, कळतंय का?"

"कळतंय," ती म्हणाली. "पण सामान पोहोचवायचं म्हणून आपण घेतलंय. परत न्यायचं म्हणून नाही." आणि उतरलीसुद्धा. असा संताप आला मला! स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला ही इतक्या लांब आली?

ती साहेबांजवळ गेली. "आमचे वडील रंगारी होते. त्यांच्या कढया या गाडीएवढ्या रुंद. त्या काय कमानीतून यायच्या? नदीच्या अंगाने कढयांची वेगळी गल्ली असते, सपाट. आमच्याकडे आहे, म्हणजे इथेही असणारच."

"असणारच?" साहेब म्हणाले. "तुम्ही इथे पहिल्यांदा येताय!"

"मी पहिल्यांदा येतेय. कढया रोज जायच्या."

आम्ही नदीकडून वळसा घातला. एका पडक्या भट्टीमागे ती गल्ली होती. होती! भिंती निळ्या, रस्ता सपाट, आणि रुंदी अशी, की माझे दोन्ही आरसे मिटले तर ट्रक जेमतेम बसेल. ताई पुढे उलटी चालत, दोन्ही हात वर करून, "येऊ दे, येऊ दे... डावीकडे दोन बोटं... येऊ दे!" बायका खिडक्यांतून बघत होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्यामुळे डावी भिंत नीट दिसत नव्हती, पण ओरखडा नाही पडला. साडेचारला खुर्ची दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी ताईला मिठीच मारली आणि आधी तिलाच त्या खुर्चीत बसवलं. साहेबांनी कारकुनाला फोन केला, "पोहोचलो."



दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेलो तर खिडकीशी रिकामी जागा. कारकुनाने 'पोहोचलो' ऐकून टेबल गोदामात टाकलेलं. ताई वही छातीशी धरून उभी. मी बाह्या सरसावल्या, आज कुणाला तरी धरणार होतो.

तेवढ्यात जिन्यात धडपड ऐकू आली. वाकून बघतो तर साहेब! एका टोकाला गोदामाचा म्हातारा, दुसऱ्या टोकाला साहेब, मध्ये ताईचं टेबल, वळणावर पक्कं अडकलेलं. साहेबांचा शर्ट घामाने चिंब.

"ट्रक पोहोचला होता," मी खवचटपणे म्हणालो.

"ट्रक नाही पोहोचला," साहेब धापा टाकत म्हणाले. "यांनी पोहोचवला. कॉम्प्युटर बंद केलाय मी." मग मान वर करून बघितलं, टेबलाचा पाय बरगडीत रुतलेला. "ताई, आता कसं वळवू?"

ताई कठड्यावरून वाकली. "आडवं करा, साहेब. पाय आधी."

घ्या! आणखी एक फुकटचा भाऊ. मी खाली उतरलो आणि टेबलाला हात लावला.