अध्यक्षबाईंनी सोडलेलं काम

वकिलांच्या संघटनेच्या अध्यक्षबाई रोखठोक होत्या. वकिलांची बाजू मांडणं हे त्यांचं काम, आणि वकिलांविरुद्धच्या तक्रारी ऐकणं हेही त्यांचंच. एकदा एक शिंपीणबाई तक्रार घेऊन आल्या. त्यांचा वकील सुनावणीला फिरकलाच नव्हता, त्यामुळे भाड्याचं दुकान हातचं गेलं होतं. तो वकील म्हणजे निवडणुकीत अध्यक्षबाईंसाठी मतं मागत फिरलेला मित्र.

"ताई, तुम्ही त्यांच्या की आमच्या?" शिंपीणबाईंनी विचारलं.

अध्यक्षबाईंनी तक्रार ठेवून घेतली. पुढच्याच सभेत त्यांनी ठराव मांडला, की तक्रारी स्वतंत्र मंडळाने ऐकाव्यात आणि त्यात वकिलांखेरीज बाहेरचीही माणसं असावीत.

"आपल्याच पायावर धोंडा का पाडून घेताय?" एक ज्येष्ठ वकील कडाडले.

"काका, आपण सचोटीने निवाडा दिला तरी लोक म्हणतात, सगळे एकाच माळेचे मणी!"

बरीच हमरीतुमरी झाली, पण ठराव कसाबसा मंजूर झाला.

नव्या मंडळापुढे शिंपीणबाईंचीच तक्रार आधी आली. मित्राशेजारी अध्यक्षबाईंना पाहून त्या चपापल्या.

"आज मी उघडपणे त्यांच्या बाजूने आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "निवाडा करणारे समोर बसलेत. तुम्ही बिनधास्त बोला."

त्या बोलल्या. मित्राने चूक कबूल केली. मंडळाने त्याची वकिली काही काळ थांबवली आणि दुकानाचा दावा पुन्हा लढवण्यासाठी दुसरा वकील त्याच्याच खर्चाने द्यायला लावला.

"शिक्षा झाली, पण माझं ऐकून घेतलं," जिना उतरताना मित्र म्हणाला.

"माझंही," मागून शिंपीणबाई म्हणाल्या.